रिकाम्या खुर्चीचं कव्हर आणि एक्केचाळीस तबकड्या

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार, आणि तोही जरा लांबूनच, कारण हे पत्र वाचून होईपर्यंत तुझा हात माझ्या कानापर्यंत पोहोचू नये अशी इच्छा आहे. गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की आता उतरतानाही? लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद सांग, नातीचा एक गालगुच्चा घे (हळू घे, मागच्या वेळी ती रडली होती आणि नाव माझं आलं होतं). इकडे सगळं ठीक आहे. ही म्हणते, पहिल्याच परिच्छेदात ‘सगळं ठीक आहे’ लिहू नका, दादा लगेच ओळखतील. पण लिहिलं ते लिहिलं. मी शाईने लिहितोय, आणि शाईचा डाग काढणं किती कठीण असतं ते लॉन्ड्रीवाल्याला तू सांगायला नको.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मला तुझ्याशी खोटं बोलता येत नाही. पत्रात निदान दोन-तीन पानं जमतं.

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले. वहिनी गेल्यावर तू लेकीकडे राहायला गेलास, तेव्हा जॅझच्या एक्केचाळीस रेकॉर्ड आणि तो प्लेअर माझ्या हवाली करताना एकच गोष्ट सांगितली होतीस : ‘धाकट्या, धूळ बसू देऊ नकोस.’ आणि आता दोन वर्षांनी लिहिलंस, की इकडे जावयाने प्लेअर आणलाय, तेव्हा बाकीच्या राहू देत, निळ्या कव्हरची, रिकाम्या खुर्चीचं चित्र असलेली तेवढी एक पाठव. ती गेल्यापासून काही ऐकलं नाही, आता तिची ती एक ऐकावीशी वाटते. एवढंच काम. कव्हर उचलायचं, पुठ्ठ्यात बांधायचं, टपालात टाकायचं. दुसऱ्या कोणालाही सांगितलं असतंस तर एका दुपारीत झालं असतं. पण तुझ्या दैवात मी आहे.

आता खरं सांगतो. तू धूळ बसू देऊ नकोस म्हणालास. मी फडक्याने पुसल्या. पण दादा, तीस वर्षं ज्याने लोकांच्या कॉलरी पाहिल्या, त्याला फडक्याने पुसणं म्हणजे स्वच्छता वाटत नाही. त्या रेघांत मला काहीतरी दिसायचं. (धूळ होती की नुसत्या रेघाच होत्या, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.) तेव्हा एका सोमवारी मी सगळ्या तबकड्या कव्हरांतून काढल्या आणि लोकरीच्या कपड्यांच्या साबणात दिवसभर भिजत घातल्या. पाणी कोमट होतं, गरम नव्हतं, एवढी अक्कल मला आहे. मऊ ब्रश फिरवला, तीनदा खळबळून काढल्या. अशा झगमगल्या की मी त्यांत बघून भांग पाडला. मग टबाकडे पाहिलं, तर पाण्यावर गोल गोल चिठ्ठ्या तरंगत होत्या. लाल, काळ्या, पिवळ्या, प्रत्येकीला मधोमध भोक. तबकडीच्या पोटावर नाव-गाव लिहिलेला जो कागद असतो, तो. ब्याऐंशी चिठ्ठ्या. आणि हातात एक्केचाळीस काळ्या तबकड्या, एकसारख्या, जुळ्या बहिणी जणू.

मी काय केलं असेल? जे दुकानात करतो तेच. प्रत्येक तबकडीच्या मध्यावर खुणेच्या पांढऱ्या शाईने एक ते एक्केचाळीस नंबर घातले. माझ्या दुकानात आजवर एक रुमाल इकडचा तिकडे गेलेला नाही, तो नंबरांमुळेच. फक्त एक गोष्ट नंतर लक्षात आली, की नंबर धुण्याच्या आधी घालायचे असतात. कव्हरं एकीकडे, चिठ्ठ्या दुसरीकडे, तबकड्या तिसरीकडे, आणि कोणाचं कोण हे कोणालाच माहीत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून दीड वर्ष हे मी पोटात ठेवलं. तू एखादी रेकॉर्ड मागशील असं वाटलंच नव्हतं. माणूस एवढी वर्षं ऐकत नाही म्हणजे विसरला असेल, असा माझा हिशेब.

तुझं पत्र आल्यावर माझी झोप उडाली. मग हिने दंतवैद्यांच्या मंडळाची आठवण करून दिली. (तू गेल्यानंतर हे सुरू झालं, त्यामुळे सांगतो.) आपल्या चौकातल्या दंतवैद्यांच्या दवाखान्यात दर रविवारी सकाळी, रुग्ण थांबतात त्या खोलीत, संगीताचे शौकीन जमतात. खुर्च्या आयत्या मांडलेल्या असतात. ‘या आठवड्यात मी काय ऐकतोय’ हे प्रत्येकाने सांगायचं आणि ऐकवायचं. नियम असा, की आधी कव्हर हातोहात फिरवायचं, मग तबकडी लावायची, ती संपली की दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. आठवडाभर उघडी तोंडं पाहून दंतवैद्यांना रविवारी मिटलेली लागतात. दोन मिनिटं झाली की मात्र सगळे बोलतात. एक निवृत्त ग्रंथपाल बाई जे बोललं जाईल ते वहीत उतरवतात. आणि एक बस ड्रायव्हर असतात, ते जवळजवळ बोलतच नाहीत. मला वाटलं, ही जाणती माणसं आहेत. रिकाम्या खुर्चीच्या कव्हरात अंदाजाने एक तबकडी घालून न्यावी. चुकीची असेल तर लगेच म्हणतील, अहो, ही ती नव्हे. मग पुढच्या रविवारी दुसरी न्यावी. एक्केचाळीस रविवार लागले तरी बेहत्तर. सरळ विचारायचं होतं, म्हणशील. पण दादा, रेकॉर्ड साबणात भिजत घातल्या, हे मी त्या माणसांसमोर कोणत्या तोंडाने सांगू? तिथे तोंडाचे डॉक्टर बसलेले.

पहिल्या रविवारी सहा नंबर नेली. संथ होती, नुसता पियानो. कव्हर फिरलं, तबकडी संपली, दोन मिनिटं झाली. दंतवैद्य डोळे मिटून म्हणाले, की यात जे वाजवलेलं नाही ते महत्त्वाचं आहे. बाई म्हणाल्या, खुर्ची रिकामी आहे हे पहिल्या सुरापासून कळतं. मला वाटलं, सापडली की पहिल्याच फटक्यात! पण खात्री असावी म्हणून पुढच्या रविवारी त्याच कव्हरात तीस नंबर घालून नेली. ही सुरुवातीपासून धडाधडा ड्रम. जिन्यावरून बादल्या सोडल्यासारखा. दंतवैद्य म्हणाले, दुसऱ्यांदा ऐकताना तो रिकामेपणा अधिकच बोचतो. बाईंनी लिहून घेतलं. मी चक्रावलो. तिसऱ्या रविवारी चौदा नंबर नेली. तिच्यात, दादा, अथपासून इतिपर्यंत एक बाई गाते. आधीच्या दोन्हींत गाणारं कोणी औषधालाही नव्हतं. आता तरी कोणी हटकेल म्हणून मी पुढे सरकून बसलो. दोन मिनिटं झाली आणि ग्रंथपाल बाई म्हणाल्या, मागच्या दोन वेळा माझं या आवाजाकडे लक्षच गेलं नव्हतं, चूक माझी आहे. दंतवैद्यांनी त्यांची समजूत घातली, की मोठा अल्बम एकदम कळत नाही.

मला तर काहीच कळेना. जाणत्यांना कळतंय आणि मलाच कळत नाही, की मला कळतंय आणि जाणत्यांना नाही? घरी येऊन मी हिला विचारलं. ती म्हणाली, कव्हर दाखवूच नका. साध्या सुचणाऱ्या गोष्टी मला का सुचत नाहीत, हा आमच्यातला जुना वाद आहे, तो इथे काढत नाही.

दुसऱ्या दिवशी ते बस ड्रायव्हर युनिफॉर्म टाकायला दुकानात आले. पावती घेतली, पण गेले नाहीत. मग म्हणाले, ‘तिन्ही रेकॉर्ड छान होत्या. पण दर रविवारी त्या खुर्चीत वेगळंच कोणीतरी बसलेलं होतं.’ मी गारच पडलो. सगळं ओकून टाकलं, टब, साबण, चिठ्ठ्या, तुझं पत्र. ते हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की शर्टाची चिठ्ठी पडली तर तो कोणाचा हे तुम्ही कसं ओळखता? मी म्हटलं, सोपं आहे, गिऱ्हाईकाला विचारतो, डाग कुठे होता, काज कुठे उसवलं होतं. नव्याकोऱ्या शर्टाचा मालक सापडत नाही, फाटक्याचा सापडतो. ‘मग तबकडीचंही तसंच,’ असं म्हणून ते बस काढायला निघून गेले.

आणि दादा, मला एकदम ती दुपार आठवली. तुझ्या घरी धुतलेल्या चादरी पोचवायला मी आलो होतो. तू खुर्चीत पेपर वाचत होतास, ही रेकॉर्ड लागलेली होती, आणि वहिनींनी माझ्या हातातला गठ्ठा घेतला तो ठेवायचं सोडून छातीशी धरून एक गिरकी घेतली. दुसऱ्या गिरकीला त्यांचा धक्का टेबलाला लागला आणि सुई अशी किंचाळली की मी दारातच खाली बसलो. तबकडीवर ओरखडा पडला. तू दोन दिवस वहिनींशी बोलला नाहीस. (माझ्याशी चार दिवस. मी फक्त चादरी आणल्या होत्या.) पण त्यानंतर जेव्हा जेव्हा ती रेकॉर्ड लागायची, तेव्हा त्या जागी सुई अडखळायची, ट्रम्पेटवाला तेच तेच म्हणत राहायचा, आणि वहिनी घरात असतील तिथून ओरडायच्या : ‘आली बाई माझी खूण!’ तू पेपर वर धरायचास. पेपरामागे हसायचास, हे तुझ्या पोटावरून दिसायचं.

तेव्हा ठरलं, की सगळ्या ऐकायच्या. एक्केचाळीस तबकड्या, ब्याऐंशी बाजू. प्लेअर दुकानात आणून मांडला आणि इस्त्री करता करता एकेक लावत गेलो. हे संगीत मला कळतं असं मी म्हणणार नाही. सगळे मिळून एक गाणं सुरू करतात. मग एक जण ते सोडून भलतीकडे निघून जातो, आणि बाकीचे त्याला हाक मारायचं सोडून खाली ताल धरतात. तो परत येतो तर दुसरा जातो. मला सारखी काळजी, की आता गाणं घरी कसं पोचणार. आणि शेवटी सगळे एकदम दारात हजर, जसं काही झालंच नाही! चौथ्या दिवशी लक्षात आलं, की मी वाट बघायला लागलोय. कोण कुठून परत येतो याची. त्या नादात एका वकिलाच्या बाह्यांना तीन-तीन घड्या पडल्या आणि एक पडदा दोनदा इस्त्री झाला. हिने एकदा डोकावून विचारलं, तुम्ही मान का हलवताय? मी म्हटलं, मान अवघडलीय. विश्वास बसला नाही.

तर निष्कर्ष असा. (निष्कर्ष म्हणण्यासारखं काही नाही, पण पत्र संपवायला हवं.) अडखळणाऱ्या तबकड्या दोन निघाल्या. तेवीस नंबर, तिच्यात ट्रम्पेट अडखळतो, तीनदा. आणि नऊ नंबर, तिच्यातही ट्रम्पेटच, पण पाचदा. एक ओरखडा वहिनींचा आणि एक माझ्या ब्रशचा, हे उघड आहे, पण कोणता कोणाचा? तूच आठवून कळव. तीनदा की पाचदा? उत्तर आलं की त्याच दिवशी टपालात टाकतो. तोवर रागावू नकोस, आणि रागावलास तर गुडघ्याकडे बघून रागाव.

तुझा आज्ञाधारक (आज्ञा पाळली म्हणूनच हे सगळं झालं),

धाकटा

ता. क. : मंडळाला मी अजून काही सांगितलेलं नाही. बाईंच्या वहीत रिकाम्या खुर्चीवर चार पानं झाली आहेत आणि दंतवैद्य त्यावर तासभर बोलणार आहेत. ड्रायव्हरसाहेब आणि मी आता शेजारी शेजारी बसतो आणि एकमेकांकडे बघत नाही.

ता. क. २ : वरची खोली झाडूनपुसून ठेवली आहे. जिना नऊच पायऱ्यांचा आहे. हे आपलं सहज लिहितोय.

ता. क. ३ : दादा, नऊ नंबर अडखळत नाही. पाकीट चिकटवण्याआधी हे लिहिलं पाहिजे, हिनेही वाचून तेच सांगितलं. अडखळणारी एकच आहे, तेवीस नंबर, दुसरी बाजू, आणि ती मला मंगळवारीच सापडली. पुठ्ठ्यात बांधून, तुझा पत्ता घालून टपालापर्यंत जाऊनही आलो. पण परत आणली. तू तिकडे बंद खोलीत एकटा ऐकशील, ती जागा येईल, आणि घरातून कोणी काही ओरडणार नाही, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून रेकॉर्ड पाठवत नाही. तू ये. परवा सुई तिथे आली तेव्हा मी इस्त्री उभी करून मोठ्याने म्हणून पाहिलं, ‘आली बाई माझी खूण!’ चादरी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाहिलं, मग चादरीच्या कोपऱ्यावरची आपली खूण तपासली आणि गठ्ठा उचलून निमूट निघून गेलं. माझ्या आवाजात ते शोभत नाही, दादा. तुझ्याही आवाजात शोभणार नाही. पण तू इथे शेजारी बसलेला असलास, तर दोघांनी मिळून म्हणू.