ओल्या लाकडाचा दांडा

५ तारीख, सोमवार
घर एकदाचं लागलं. तीन खोल्या, ओटा स्वच्छ, देवांना पूर्वेचा कोनाडा. आधी दिवा लावला, मगच भांड्यांची पोती सोडली. सासूबाईंची खाट खिडकीशी. मागे वीस पावलांचं परसू आहे, पण आधीच्या मालकानं झाडं तोडून खुंट तसेच सोडलेत. मोजले, अकरा. मधला सगळ्यांत जाड. त्याच्या बुडातून मनगटाएवढा एक सरळसोट कोंब वर गेलाय. ह्यांना नव्या कचेरीत रुजू व्हायला तीन आठवडे आहेत. तेवढ्यात जागा मोकळी झाली तर भाजी घरची. देवानं चांगल्या जागी आणलं.

७ तारीख, बुधवार
लोहाराकडे कुऱ्हाड घ्यायला गेलो. हे पहिलीच उचलून निघाले होते. भांडं वाजवून घेते तशी मी प्रत्येक पात्यावर टिचकी मारली. जड कुऱ्हाड ओंडके फोडायला, हलकी फांद्यांना, आपल्याला मधली, असं लोहारानं समजावलं. खुंटाला धार फार पातळ नको म्हणाला. मातीत खडा लागला की दातरे पडतात. दांड्याच्या लाकडाच्या रेषा लांबीत हव्यात, गाठ नको. मी म्हटलं, असं लाकूड घरी उभंच आहे, नुसतं पातं द्या. त्यानं हातोडा खाली ठेवला.

"वहिनी, दांडा वर्षभर वाळलेल्या लाकडाचा घ्या. आणि जिथं घाव घालायचे तिथल्या लाकडाचा तर नकोच."

ज्याचा माल तो वाखाणणारच. मी पातं तेवढं घेतलं.

८ तारीख, गुरुवार
ह्यांनी कोंब तोडला, साल काढली, कानशीनं आकार दिला आणि काचेच्या तुकड्यानं खरवडून गुळगुळीत केला. पात्यात बसवून पाचर ठोकली. मापून लिहून ठेवलं: अडीच फूट. बदलायची वेळ आली तर माप हाताशी असावं. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे शाळेत शिकवलं नाही का मॅट्रिक सूनबाईंना? मी म्हटलं, तेच तर काम आहे त्याचं. हेसुद्धा हसले.

१० तारीख, शनिवार
पहिला मान मधल्या खुंटाला. भोवतीची माती उकरली, मुळं उघडी केली, एकेक तोडली. दुपारपर्यंत खुंट उपटला. एवढा सहज निघेल असं वाटलं नव्हतं. तिथं मांडीएवढा खड्डा राहिलाय. फोडलेल्या ढलप्या चुलीत घातल्या, छान पेटल्या. पाणी तापलं, राखेनं भांडी निघाली. काही वाया गेलं नाही. कुऱ्हाड मी आवरली: माती पुसली, धारेच्या दगडानं गोल गोल घासलं, दांड्याला जवसाचं तेल चोळलं, पात्याला जुन्या पिशवीचं टोपरं शिवलं.

१३ तारीख, मंगळवार
पाच खुंट निघाले. ओलं लाकूड वाळलं की आकसतं आणि पातं हलायला लागतं, हे मलाही कळतं. रोज हलवून बघते. तसूभर हलत नाही. दांडा तेल मात्र वाटीभर पितो. ह्यांच्या हातांना एक फोड नाही. उलट तळवे गुळगुळीत झालेत, सोललेल्या फांदीसारखे. मी चेष्टा केली. हे हसले नाहीत.

१५ तारीख, गुरुवार
सकाळी दांडा मापला. दोन इंच जास्त. फीत जुनी आहे म्हणून सासूबाईंच्या तीन फुटी काठीवर ताडून पाहिली. फीत बरोबर आहे. आणि दांडा कोमट होता. रात्रभर भिंतीला टांगलेला, तरी कोमट. एखाद्याचं मनगट धरावं तसा.
देवापुढे जास्त वेळ बसले.

१६ तारीख, शुक्रवार
आता खुंटाला धार लागत नाही. मी स्वतः लावली होती, केस कापेल अशी. पातं खुंटावरून घसरतं आणि ह्यांच्या नडगीकडे वळतं. आज तीनदा. तिसऱ्यांदा धोतराचा काठ गेला. थांबा म्हटलं तर ऐकत नाहीत. जेवताना कुऱ्हाड उजव्या हातात, डाव्यानं घास. सासूबाई मला म्हणाल्या, तुझी काटकसर माझ्या लेकाला खाणार. मी ह्यांच्या ताटात भाकरी कुस्करून ठेवली.

१८ तारीख, रविवार
हे न्हाणीघरात गेले तेव्हा कुऱ्हाड उचलून दांडा चुलीत घातला. न्हाणीतून किंकाळी — धावले. उजवा तळवा भाजलेला, कातडी सुटलेली. पाणी तर मी गार दिलं होतं.
चुलीतला दांडा काळासुद्धा पडला नव्हता.

१९ तारीख, सोमवार
लोहाराला घरी बोलावलं. त्यानं कुऱ्हाडीला हात लावला नाही. लांबूनच म्हणाला, कोंब ज्या खुंटाचा, त्याच्याच बुडाशी दांडा पुरा. आपलं गोत भेटलं की माणसाला सोडेल. मी म्हटलं, काका, तो खुंट चुलीत गेला. राखेनं भांडी घासली.
तो खड्ड्यापासून दोन पावलं मागे सरला.
"मग त्यानं दुसरं गोत धरलं, वहिनी."
चहाही न घेता गेला.

२० तारीख
हे सकाळपासून मधल्या खड्ड्यात उभे आहेत. कुऱ्हाड छातीशी. बाहेर या म्हटलं तर म्हणतात, इथं गार वाटतं. पाणी मागितलं. तांब्या तोंडाशी नेला तर मान हलवली — पायांशी ओत म्हणाले.
सासूबाईंनी ओतलं. आईच ती. मागितलं, ओतलं.

२१ तारीख
घोटे दिसत नाहीत. माती उकरली — टाचांतून पांढरे, दोऱ्यासारखे — हातानं तुटत नाहीत. विळीनं नाही, कोयत्यानं नाही.
उरलेले खुंट मोजले. सहा. पुन्हा मोजले तर सात. सातवे हे.

२२ तारीख
ह्यांनी आज पहिल्यांदा माझं नाव घेतलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, कधी घेतलं नव्हतं. कुऱ्हाड माझ्यापुढे धरली.
"हिनंच तुटेल. तू घे."
देवाला सांगितलं, काटकसर माझी, चूक माझी. ह्यांना सोड. काय हवं ते माझ्याकडून —
मुळांवर घाव घातला. एकाच घावात सुटली. हे बाहेर पडले, रडतायत, बोलतायत. पाय धड आहेत. देवा, तुझे उपकार.
माझा हात उघडत नाही.

२२, दुपार
डाव्या हातानं लिहितेय. दांडा माझ्या तळव्याला अगदी बेतून केल्यासारखा बसलाय. दुखत नाही. मी खड्ड्याच्या काठाशी बसलेय, पाय आत. इथं खरंच गार —
हे येतायत, कुऱ्हाड सोडवायला. नको म्हणून ओरडतेय. हात लावू नका. तुम्ही सुटलात ना, लांब राहा, तुम्हाला माझी शप —
ऐकत नाहीत. सासूबाईच आड आल्या. लेकाला मागे लोटलं. हातात तांब्या. माझ्याकडे बघत नाहीत, नुसतं माझ्या पायांशी