घाटावरच्या गाडीचं तेल

३ डिसेंबर
आजही गाडी सुरू होईना! धुकं इतकं, की बॉनेटमागे माझ्या नवऱ्याचं, सक्दाचं, नुसतं डोकं तरंगत होतं. मी पोटावर हात ठेवून पायरीवर बसलेली. दवाखाना खाली, मे होंग सोनला — पूर्ण घाट उतरून. पहाटे कळा सुरू झाल्या तर?

५ डिसेंबर
गॅरेजवाल्या प्रसितकाकांकडे गेले. रात्रभर गारठ्यात राहिलेलं तेल त्यांनी ओतून दाखवलं. आमचं २०डब्ल्यू-५० मधासारखं, रेंगाळत उतरलं. दुसरं, ५डब्ल्यू-४०, सरसर. उन्हात दोन्ही धारा सोनेरी — बघतच राहिले.
"पोरी, पहिला आकडा थंडीतला. लहान असेल तर गारठ्यातही तेल लवकर पळतं. दुसरा इंजिन तापल्यावरचा."
"मग दुसराही लहान घेऊ?"
"नको गं! म्हातारं इंजिन तुमचं. तापल्यावर चाळीस तरी हवं."

६ डिसेंबर
सक्दा उखडला. "जुन्या गाडीला जाडच तेल लागतं! दादानं पातळ तेल घातलं नि इंजिन जाम झालं, विसरलीस?" नाही विसरले. गाडी गेली तसा त्याच्या थोरल्या भावाचा धंदाही गेला. सक्दाची भीती खोटी नाही. माझीही नाही.
सासूबाई चिकट भात वाफवत होत्या. म्हणाल्या, "अरे, बाळंत कोण होणार आहे — गाडी की ही?"
तो हसला नाही.

९ डिसेंबर
दिवसभर झोप. स्वप्नात आमची गाडी ढगांवरून चाललेली, चाकं न फिरता. बाळ आत हळूच वळलं.

११ डिसेंबर
पहाटे सक्दा किल्ली फिरवत राहिला. गाडी नुसती कण्हली. मग त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. खूप वेळ. मी खिडकीतून पाहत होते.
संध्याकाळी आला तो तेलाने माखलेले हात घेऊन. "काकांचं ५डब्ल्यू-४०च घातलंय. काका म्हणाले, दादाच्या गाडीत तेलच उरलं नव्हतं. गळत होतं." एवढंच. मग माझे गार पाय मांडीवर घेऊन बसला.

१२ डिसेंबर
पहिल्याच फटक्यात सुरू!

१८ डिसेंबर
मुलगी! दवाखान्यात नाही — अर्ध्या घाटातच, मागच्या सीटवर, सासूबाईंच्या हातांत. सक्दानं गाडी कडेला घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं, आत ऊब राहावी म्हणून. त्या घरघरीतच ती पहिल्यांदा रडली — आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं तिचा बाप.