कुंकू लावलेली ओपन जिम

२८ सप्टेंबर, रविवार
परत तेच! "जिममध्ये चला" म्हटलं की हे भिंतीकडे तोंड करून झोपतात. देवळासमोर पंचायतीने ओपन जिम बसवली. फुकट आहे, हाकेच्या अंतरावर आहे. त्यात एक मोठं चाक आहे — हाताने गोल फिरवायचं, खांदा मोकळा होतो. अर्धांगाच्या झटक्यानंतर यांचं वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला, उजवा हात मात्र तसाच लोंबतो. आगरदांड्याच्या लाँचवर आयुष्यभर दोर फेकणारा हात! हलवत ठेवा, असं डॉक्टर सांगतात. आज हे म्हणाले, "कोकिळे, काय उपयोग न्हाय." मी बोलले, "मग बिनउपयोगाचं फिरवा. आपला पंखा तरी कुठे वारा देतो?" हसले नाहीत.

३० सप्टेंबर
पार नडतोय, पार! जिमला लागूनच पिंपळाचा पार, त्यावर संध्याकाळी सगळी रिकामटेकडी मंडळी. कोण चढलं, कोण घसरलं, सगळ्यावर शेरे. एकदा हे कसेबसे गेले होते, तर यांचाच जुना दोस्त अंबाजी ओरडला, "फिरव दयाराम, लाँच चालू होईल!" मस्करीच, पण लागली. मी तिथे असते तर अंबाजीलाच चाकावर फिरवला असता.

२ ऑक्टोबर, दसरा
घरोघरी कोयते, जाळी, गाड्या पुजल्या. सरपंचांनी जिमच्या मशिनीही पुजल्या! हळदकुंकू, झेंडूच्या माळा. पाय ठेवायच्या पट्ट्यांवरसुद्धा कुंकवाचं स्वस्तिक. हौसेला मोल नाही.

७ ऑक्टोबर
काय गंमत! आधी दोन-चार बायका तरी जायच्या, आता एकही फिरकत नाही. शेजारच्या येसूबाईंना विचारलं. सत्तरीच्या आहेत, सगळ्या जणी त्यांचं ऐकतात. म्हणाल्या, "पुजलेल्यावर पाय कसा ठेवायचा गो? पाप लागंल." बायका लांबूनच नमस्कार करून जातात! पोरं चपला काढून चढतात, आणि तापलेल्या लोखंडाने तळवे भाजले की उड्या मारत उतरतात. जिम कसली, देवस्थान झालं.

११ ऑक्टोबर
नळावर येसूबाईंना गाठलंच. म्हटलं, "सकाळी उठून धरणीची माफी मागता ना? मग दिवसभर तिलाच तुडवता. इथेही तसंच करा." विचारात पडल्या. पाणी भरून झाल्यावर मला घेऊन गेल्या, पदर खोचला, पट्टीला हात लावून कपाळाला लावला — आणि चढल्या! "आई गं, झोकाच हाय हा!" पोरीसारख्या खिदळत होत्या. तेव्हाच ठरवलं, रोज पाणी भरलं की यायचं. त्या वेळी पार रिकामा असतो.

२० ऑक्टोबर
दिवाळी असूनही सात-आठ जणी जमलो. आणि — हे आले! मागून, टॉवेल खांद्यावर टाकून, सहज फिरायला निघाल्यासारखे. कोणी टक लावून बघितलं नाही. येसूबाई चाकापासून बाजूला झाल्या. "ये दयाराम. कुरकुरतंय बघ मेलं, उद्या तेल आण." मी यांचा पंजा दांड्यावर ठेवला, वरून माझा हात धरला, आणि फिरवलं. रडूच आलं मला, सगळ्यांसमोर! किती जीव आहे माझा या माणसावर, मलाच माहीत.

३ नोव्हेंबर
रोज येतात. खाऱ्या हवेने चाक गंजतंय, हे डाव्या हाताने तेल देतात. बायका लाँचचे किस्से सांगायला लावतात. आज सांगितलं, वऱ्हाड खाडीपलीकडे दिघीला उतरलं आणि नवरदेव इकडेच वडापाव खात राहिला! मी हवेत चालायच्या मशिनीवरून पडता पडता वाचले. येसूबाई म्हणाल्या, "हस गो बाई, तोच खरा व्यायाम."

१७ नोव्हेंबर
मुरूडला दवाखान्यात. डॉक्टरांनी यांना बाहेर बसवलं. मला म्हणाले, फिरवत राहा म्हणजे आखडणार नाही, पण हात याच्यापुढे सुधारायचा नाही. एसटीत यांच्याकडे बघवेना. यांनी विचारलं तर थाप मारली, "चांगलं चाललंय म्हणाले." खरं कळलं तर उद्यापासून यायचे नाहीत. परत ती भिंत! नाही सांगायचं. मेले तरी नाही.

१८ नोव्हेंबर
चाक फिरवताना हेच म्हणाले, "तोंड का पाडलंस? हात येणार न्हाय, म्हायती हाय मला. डॉक्टरांनी पावसाच्या आधीच सांगितलेलं. तुला सांगू नका, असं मीच बोललो. काल सांगितलंच वाटतं."
"मग रोज येता कशाला?"
"तू हितं हसतेस. मी पडल्यापासनं घरात एकदा पण हसली न्हवतीस."