तुमची बाजू

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली आहेत की वयाने मी आता तुमच्यापुढे गेले आहे, आणि तरीही आपल्यातला एक वाद निकालाविना पडून आहे. तो वाद तुम्ही लावलेला होता. आणीबाणी उठली त्या वर्षी तुमसरच्या शाळेत तुम्ही आम्हाला विषय दिला होता, ‘ईश्वर सर्वत्र असतो’. बाजूने बोलायला सारा वर्ग तयार होता, विरुद्ध बोलायला कोणीच नाही. तुम्ही म्हणालात, एक बाजू रिकामी असेल तर दुसरीला अर्थ उरत नाही. मी उभी राहिले. त्या बाजूवर माझा विश्वास होता असे नाही. बाजू रिकामी राहावी हे मला अव्यवस्थित वाटले. पण उभी राहिले आणि हळूहळू ती माझीच झाली. स्पर्धा संपली, बक्षीस दुसऱ्या शाळेला गेले, पण शनिवारी शाळा सुटल्यावर तुमच्या घरच्या ओसरीवर आपला वाद चालूच राहिला. तुम्ही ‘आहे’ म्हणायचात, मी ‘नाही’.

तुमचे घर राइस मिलच्या मागल्या अंगाला. वारा फिरला की भाताचा कोंडा उडून पुस्तकांत, दोरीवरच्या कपड्यांवर, चहाच्या कपातसुद्धा येऊन पडे. काकू त्याच कोंड्यावर स्वयंपाक करायच्या. त्यांची शेगडी म्हणजे पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडलेले, मधोमध एक काचेची बाटली उभी, तिच्याभोवती कोंडा ठासून भरायचा आणि मग बाटली अलगद काढून घ्यायची. पेटवताना थोडा धूर व्हायचा. नंतर धूर नाही, ज्वाळा नाही, आणि तरी त्या डब्यावर भात शिजून, वरण होऊन, रात्रीपर्यंत दूध कोमट राहायचे. काकू आतून ओरडायच्या, “काहून वं पोरी, आज पण देवाले उभं करून ठेवलं काय? बसू दे थोडा त्याले! हार-जीत झाली असन तर ताटं घ्या. देवाले घाई नाही, पण भात थंडा होऊन राहिला.” तुम्ही हसून म्हणायचात, “दोन मिनिटं थांब, ही आता सापडली आहे.” त्यावर काकू, “हे तं तुमी मांगच्या शनवारी पण म्हनलं होतं.”

तुमचा मला लागलेला एकमेव बोलही त्याच ओसरीवरचा. मी एकदा तुमच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी खवचट बोलले. तुमचा आवाज चढला नाही. तुम्ही म्हणालात, “थट्टा करणारा वक्ता आपली कारणे संपल्याचे जाहीर करत असतो. तुझी संपली असतील तर घरी जा.” मी घरी गेले. पुढच्या शनिवारी अधिक कारणे घेऊन आले. पुढे तीस वर्षे मी तर्कशास्त्र शिकवले, ते त्या एका आठवड्याच्या जोरावर.

मी नागपूरला कॉलेजात गेले आणि काकूंचे दुखणे निघाले. तुम्ही त्यांना घेऊन तुमसर रोड स्टेशनवरून गाडीने नागपूरच्या इस्पितळात यायचात. मी वसतिगृहातून डबा घेऊन येत असे. एकदा वॉर्डाबाहेरच्या बाकावर, जे विचारायला नको होते ते मी विचारले: “सर, अजूनही ‘आहे’च म्हणता?” तुम्ही थकलेले होतात, पण उत्तर रेखीव दिलेत. “सोबत असणे आणि वाचवणे ही दोन वेगळी विधाने आहेत. मी पहिले मांडले होते. दुसरे मी कधीच मांडले नाही.” काकू आत झोपल्या आहेत असे आपल्याला वाटत होते. आतून बारीक आवाज आला, “सोबत असन तं त्याले म्हना, जरा पाय दाबून दे.” तुम्ही उठून आत गेलात. दारातून मला दिसत होते, तुम्ही बराच वेळ त्यांचे पाय दाबत बसला होतात.

दिवाळीच्या आधी काकू गेल्या. तेरवी झाल्यावर मी आले. दुपार होती, मिल चालू होती, कोंडा उडत होता. ओसरीवर तुम्ही आपल्या नेहमीच्या जागी बसलेले नव्हतात. माझ्या जागी बसला होतात. मी उभीच राहिले. तुम्ही समोरच्या खुर्चीकडे हात केलात आणि म्हणालात, “बस. आज तू माह्या बाजूनं बोल. मले आज जमत नाही.” वादात तुम्ही कधी घरची बोली आणली नव्हती. मी म्हणाले, “सर, ती माझी बाजू नाही.” तुम्ही म्हणालात, “मालूम हाय. पण ते रिकामी नको राहू देऊ.”

मी बोलले. सांत्वनाचे एक वाक्यही मला येत नव्हते, म्हणून तुम्ही शिकवलेले तेच मांडले. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते. धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही असे म्हणता येत नाही. काकूंच्या शेगडीचेच उदाहरण दिले. खूण दिसत नाही, एवढ्यावरून वस्तूचा अभाव सिद्ध होत नाही. विधान निर्दोष होते. तुम्ही ते नीट ऐकून घेतलेत आणि मग म्हणालात, “आत जा. शेगडीले हात लावून पाह्य.”

मी आत गेले. डब्यात जुनी राख होती. तुमच्या पुतण्याच्या घरून आलेला जेवणाचा डबा न उघडता कोनाड्यात ठेवलेला होता. मी पत्र्याला हात लावला. तो थंड होता. मी राख काढली, अंगणातून टोपलीभर कोंडा आणला, बाटली उभी केली आणि ठासायला लागले. बाटली ओढली तशी सगळी भिंत ढासळली. पुन्हा भरली, पुन्हा ढासळली. तुम्ही दारात येऊन उभे राहिला होतात. तिसऱ्या वेळी म्हणालात, “ओढू नको. फिरवत काढ. ते फिरवत काढायची.” मी फिरवत काढली. मधली पोकळी तशीच उभी राहिली. शेगडी पेटवून भात ठेवला, तो जरा कच्चा राहिला. तुम्ही दोन घास खाल्लेत. मग त्या डब्याला तळहात लावून किती वेळ बसून राहिलात. मला वाटले तुम्ही काही कबूल कराल. तुम्ही काहीच कबूल केले नाहीत आणि मीही विचारले नाही.

निवृत्तीनंतर पुतण्याने तुम्हाला जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरात नेले. मी शेवटची तिथे आले तेव्हा सकाळच्या पाळीच्या बसा नुकत्याच गेल्या होत्या आणि सगळी वसाहत एकाच वेळी गप्प झाली होती. ओट्यावर गॅस होता, भिंती सरकारी पिवळ्या होत्या, आणि खिडकीत काकूंची ती बाटली रिकामी उभी होती. पुतण्याच्या बायकोला ती फेकायची होती, तुम्ही फेकू दिली नव्हती. तुम्ही फार वाळला होतात. निघताना मी धीर करून म्हणाले, “सर, तुमची बाजू माझ्याकडे आहे. परत घेता का?” तुम्ही बाटलीकडे पाहिलेत. “राहू दे तुझ्याजवळच. माह्या हातून पडन.”

त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. तुमच्या मनात शेवटी काय होते हे मला कळलेले नाही, आणि कळले असे मी म्हणणार नाही. त्याला पुरावा नाही. बाजू सोडून गेलात की माझ्या हाती सुखरूप ठेवून गेलात, दोन्ही अर्थ सारख्याच बळाने निघतात. मी दोन्ही अर्थ पुष्कळदा मांडून पाहिले आणि दर वेळी दुःखाशीच थांबले. माणसे पुढे माझीही गेली. वडील, मग धाकटी बहीण. तेव्हाही मी खूण शोधली. दिसली नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून ते माझ्या टेबलाच्या खणात राहील. एवढेच नोंदवते: माझी जुनी ‘नाही’ची बाजू ओसरीवरच्या त्या दुपारनंतर मी पुन्हा उचललेली नाही. कोणी ‘तुम्ही मानता का’ म्हणून विचारले तर मी उत्तर टाळते. पण संध्याकाळी स्वयंपाक आटोपला, गॅस बंद केला, की मी ओट्यापाशी थोडी थांबते, आणि कोणी पाहत नाही ना याची खात्री करून शेगडीला हात लावून पाहते.