चार नंबरचा फाळका

१२ एप्रिल २००३, भद्रावती

पोचलो. सोबतचा इंजिनिअर जोशी चंद्रपूरच्या लॉजवर, मी घरी. आईला वाटतं मी सुट्टीवर आलोय. दोनदा सांगितलं, कामावर आहे. तरी मटण आणलंच.

बाबांना मात्र सगळं नीट हवं. खाणीतून रिटायर झाले, पण चौकशी करायची सवय गेली नाही. "कारखाना पुण्याले, अन् गाडी तपासाले इथी काऊन?" सांगितलं : नवी पिकअप आहे, बाहेरच्या देशांत विकायची. तिकडे खाणी आहेत, घाट आहेत, जंगल आहे. ते सगळं एका दिवसाच्या अंतरात आपल्याच दोन जिल्ह्यांत मिळतं. म्हणून पुण्याचे आमचे साहेब, प्रधान सर, यांच्या प्लॅनमध्ये माजरीचा कोळशाचा रस्ता म्हणजे ऑस्ट्रेलिया, जिवतीचा घाट म्हणजे पेरू आणि धानोरा म्हणजे आफ्रिका.

बाबा बराच वेळ हसले. "म्हंजे आपन जगात हाओत तं." मग विचारलं, "अन् इथी कधी येनार हे गाडी?"

इथे येणार नाही. मी आईला वरण वाढायला सांगितलं.

१४ एप्रिल

जयंती. मोहल्ल्यातली पोरं मिरवणुकीला गाडी मागायला आली. नाही म्हणालो. नियम आहेत, बाहेरचा माणूस बसवायचा नाही, फोटो काढू द्यायचा नाही. गाडी कोणाला ओळखू येऊ नये म्हणून वरून काळ्या कॅनव्हासचे तुकडे शिवलेत. पोरं तिला गोधडी म्हणतात. शेवटी दरवर्षीचाच ट्रॅक्टर सजवला. मी पुढे चाललो, निळा फेटा बांधून, पण लक्ष सगळं शेडमधल्या आमच्या चार नंबरच्या टेस्ट गाडीकडे. पुण्यात कोणी असं मागितलं असतं तर नाही म्हणताना जीभ अडखळली नसती.

१९ एप्रिल, माजरी

दिवसभर ऑस्ट्रेलिया. नाकातून काळं निघतंय. मागच्या डाल्यात रेतीची पोती, पूर्ण भार, आणि डंपरच्या मागे जा-ये. फिल्टर दोनदा झाडला. इंजिन मजेत, माणसं बेजार.

ड्रायव्हर इथलाच घेतलाय, दौलत मडावी. धानोऱ्याजवळच्या गावचा. आधी तेंदूपत्त्याचा ट्रक चालवायचा. हात हलका. क्लच असा सोडतो की पोत्यातली रेतीही जागी होऊ नये. टेस्टिंग संपल्यावर कंपनी आपल्याला पुण्याला नेईल अशी त्याला आशा आहे. मी प्रधान सरांकडे शब्द टाकलाय. त्यांनी "बघू" म्हटलंय. दौलतने त्या "बघू"वर अर्धं सामान बांधलं असावं. आज पुन्हा विचारलं, "पुण्याले लय थंडी असते का जी?"

२६ एप्रिल, जिवती

पेरू. ब्रेकचा वास, पण ब्रेक लागतात. जोशी वायरी लावून आकडे घेतो आणि उलट्या करतो, दोन्ही नेमाने.

पुण्याहून निरोप : मेअखेर ड्रॉइंग बंद. त्यानंतर एक स्क्रूही बदलायचा नाही. म्हणजे मोडायचं ते लवकर मोडलं पाहिजे. विचित्र धंदा आमचा. गाडी टिकली की आनंद व्हायचा तर उलट धाकधूक वाढते, काय राहून गेलं म्हणून.

४ मे, धानोरा

रेस्ट हाऊसला मुक्काम. पंखा आहे, वीज येईल तेव्हा.

मुरूमगाव रोडवर दिवसभर येरझारा. रस्त्याकडेला माणसं हात करतात. डोक्यावर टोपल्या, तेंदूपत्त्याचे भारे. आम्ही थांबत नाही. एका वळणावर म्हातारा रस्त्याच्या मध्येच आला, दौलतने गाडी बाजूने काढली आणि मान खाली घातली.

"काय झालं?"

"माहा मामा होता तो."

मग म्हणाला, "आमच्याइथी रिकाम्या गाडीनं मानसाले मागं टाकत नाई जी."

"रिकामी कुठे? मागे पोती आहेत."

"तेच तं. रेतीले बसवलं अन् मानसाले नाई."

जोशी हसला. मलाही हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. माझा काका उमरेडला असाच ट्रकच्या मागे लटकून कामाला जायचा. नियम मी केलेला नाही, एवढंच स्वतःला सांगत बसलो.

९ मे

ऊन लागलं. सकाळपासून डोकं धरून पडलो. कांदा, कैरीचं पन्हं, सगळं झालं. जोशी गडचिरोलीला बॅटऱ्या आणायला गेलेला. दौलतला म्हटलं, नेहमीच्या फेऱ्या तू एकटाच मार.

दुपारी गाडी आली. डाल्याचा मागचा फाळका दोरीने बांधलेला. डावी बिजागरी तुटलेली, लोखंड उघडं पडलेलं. दौलत उतरेना. स्टेअरिंग धरून बसलेला.

झालं ते असं. आज धानोऱ्याचा बाजार. त्याच्या गावाजवळ माणसं उभी. त्याने रेतीची पोती झाडाखाली उतरवून ठेवली आणि तेवढ्याच भाराची माणसं भरली. मोठ्या माणसाला एक पोतं धरलं, म्हाताऱ्यांना कमी. एकाला जास्त होतो म्हणून परत उतरवलं म्हणे. "वजनात गडबड नाई केली साहेब. तुमचा टेस्ट बिघडू नाई देल्ला." हे त्याने इतक्या खरेपणाने सांगितलं की माझा हात कपाळाला गेला.

जागा पुरेना म्हणून फाळका आडवा उघडला, त्यावरही बसवली. बाजारात पोचल्यावर सगळी एकदम फाळक्यावरून उड्या मारून उतरली. शेवटच्या दोघांच्या वेळी बिजागरी गेली. एक बाई खाली आली. मनगट मोडलं.

मी खूप ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. मग बाईचं विचारलं.

तसाच दवाखान्यात गेलो. कौसल्याबाई नाव. पन्नाशीची, बारीक, कोपरापर्यंत प्लास्टर. मला पाहून पहिला प्रश्न, "माही टोपली कुठी हाय? चारोळी होती तिच्यात." टोपली गाडीत सापडली. चारोळी अर्धी सांडलेली. बाई नातेवाईक नाही, ओळखीचीही नाही, तरी मला कसंसंच झालं. तिने दौलतला एक शब्द लावला नाही. मी मात्र लावून आलो होतो.

१० मे

पेटीतली दुसरी बिजागरी बसवली. फाळका उघडा टाकून त्यावर पोती ठेवली आणि त्याच रस्त्याने नेली. काही नाही. जास्त पोती. तरी काही नाही. संध्याकाळपर्यंत तेच.

पोती उड्या मारत नाहीत, हे कळायला मला डिप्लोमा आणि बारा वर्षांची नोकरी लागली.

जोशी म्हणतो, "खड्ड्यात गेली म्हणून सांग. बिजागरी एखादी कच्ची निघते. विषय संपला." विषय खरंच संपतो. पुणे नवी पाठवेल, पोत्यांची टेस्ट पास आहे, फाळका आहे तसा पक्का होईल. आणि जिथे जिथे ही गाडी जाईल तिथे कोणी ना कोणी त्यावर बसेलच.

खरं सांगितलं तर दौलत गेला. बाहेरची माणसं बसवली, एवढं एक वाक्य पुरे.

१२ मे

काही सुचत नाही. जोशीवर उगाच खेकसलो, चहा गोड झाला म्हणून.

दौलत आला, दारातच उभा राहिला. "सांगू नका जी. लहान भावाचं लग्न ठरलं. मी पुण्याले चाललो म्हनून मुलीवाल्याइले सांगून बसलो." मी म्हटलं, बाईचा हात मोडला ना? "मोडला." उद्या दुसऱ्या कोणाची मान मोडली तर? यावर तो म्हणाला, "तं मंग तुमीच पाहा," आणि गेला.

तुमीच पाहा. कोणी हे म्हटलं की माझी चिडचिड होते. मी काय पाहणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१५ मे

एसटीडी बूथवरून प्रधान सरांना फोन. सगळं सांगितलं. दौलतचं नावही घेतलं. टाळायचा प्रयत्न केला, पण "गाडी कोण चालवत होता" याला दुसरं उत्तर नव्हतं.

आठवतं तेवढं :

"याला गैरवापर म्हणतात, रामटेके."

"सर, आमच्याकडे हाच वापर आहे."

"ही गाडी तुमच्याकडे येणारच नाहीये."

"जिथे जाणार तिथेही बाजार भरतो, सर."

"तू आफ्रिका पाहिलीस?"

"नाही. धानोरा पाहिलंय. आफ्रिका नाव तुम्हीच दिलंय त्याला."

बूथवाला माझ्याकडे बघत होता. मग, "त्या ड्रायव्हरला थांबवा. मी येतो." इतकं उलटून मी आजवर कधी बोललो नव्हतो.

१६ मे

दौलतला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ऐकून घेतलं. चावी माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली.

१८ मे

कालही आला, आजही. सकाळी रेस्ट हाऊसच्या फाटकापाशी डबा घेऊन उभा. "घरी सांगतलं नाई अजून." दिवसभर चिंचेखाली बसतो, आम्ही निघालो की उठून उभा राहतो. मी काचेतून बघत नाही. उगाच आरशाशी खेळतो.

जोशी आज त्याच्यासाठी चहा घेऊन गेला. जोशीविषयी मत थोडं बदललं.

२३ मे

प्रधान सर आले. इस्त्रीची पँट, टोपी, पाण्याच्या बाटल्या. बाजाराचा दिवस मुद्दाम साधला.

म्हणाले, "बसवा माणसं. बघू काय करतात ते." दौलतच्या गावाजवळ गाडी लावली, डाला रिकामा केला. आणि कोणी बसेना. तीन आठवडे ज्यांना टाकून पुढे गेलो ती माणसं टोपल्या घेऊन उभी आणि गोधडीकडे नुसती बघतायत. एकजण म्हणाला, "हे गाडी मोडाले आनली हाय म्हनते. मोडा मंग. आमाले कायले बसवता?" खरंच मोडायला आणली आहे.

मग कौसल्याबाई आली. हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात टोपली. सगळ्यांकडे बघितलं, सरांकडे बघितलं.

"मले बजारात जाचं हाय. मी समोर बसतो, केबिनले टेकून. फाळक्यावर नाई."

ती चढली तशी बाकीची चढली. डाला भरला. फाळका उघडला, त्यावरही भरली. सर शेजारी उभे राहून पाहत होते. म्हणाले, "त्या दिवशी जो होता त्यालाच चालवू दे. तसंच झालं पाहिजे." मी रेस्ट हाऊसच्या चिंचेखाली निरोप पाठवणार, तर दौलत आमच्या मागेच पायी येऊन पोचलेला. चावी मीच त्याच्या हातात दिली.

आणि मग सरांनी एक गोष्ट केली. बाटली जोशीकडे दिली, दोन माणसांच्या मध्ये जागा करून घेतली आणि फाळक्यावर पाय खाली सोडून बसले. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांच्या कमरेला हात घातला, पडतील म्हणून. तो दौलतचा मामा होता.

बाजारात गाडी थांबली. सगळ्यांनी धडाधड उड्या टाकल्या. सर क्षणभर थांबले, मग त्यांनीही टाकली. बिजागरी तुटली नाही. पण कर्र आवाज आला. मी ऐकला. दौलतने आत ऐकला, कारण मान वळवून माझ्याकडे बघितलं. सरांनी ऐकला का, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसेना. त्यांनी पँट झटकली, कौसल्याबाईकडून चारोळी घेतली आणि नागपूरची गाडी गाठायला निघाले. जाताना बिजागरीवरून एकदा बोट फिरवलं, एवढंच.

फाळक्याबद्दल काही नाही. दौलतबद्दल काही नाही. विचारायला हवं होतं.

२६ मे, भद्रावती

परत घरी. गाडी शेडमध्ये. बाबा विचारतात, "काय झालं तुह्या जगाचं?" म्हटलं, वाट पाहतोय. "खानीत आमी छताचा आवाज आला म्हनून सांगो, तं साहेब म्हने पडलं तं नाई न. पडल्यावर मंग सारे पळो." पान लावत सांगितलं, जसं काही गावगप्पा.

३१ मे

आज ड्रॉइंग बंद.

सकाळच्या एसटीने दौलत आला. धानोऱ्याहून इथवर, धुतलेला शर्ट घालून. मी दुधाला गेलो होतो तेवढ्यात शेजारी फोन आला. शेजारीण सांगते, पुण्याहून कोणी प्रधान, तुला विचारत होते, पुन्हा करतो म्हणाले. आवाज कसा होता विचारलं तर म्हणे, "मानसासारखा."

म्हणून बसलोय. फोन येईपर्यंत निदान लिहावं. बिजागरी बदलली असेल तर मी नाचेन. आणि दौलतला कायमचं थांबवा म्हणाले तर? दोन्ही एकाच फोनवर येऊ शकतं, हे मला आधी सुचलंच नव्हतं.

अंगणात तो आणि बाबा चहा पितायत. ऐकू येतंय.

"पुण्याले थंडी असते का हो, भाऊ?"

"असते तं. मानूस राह्यते."

शेजारी फोन वाजतोय. दौलत उठून उभा राहिला.