रिकाम्या गाडीचं वजन

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा पाया पडून नमस्कार. गुडघे कसे आहेत? दुखत असले तर पत्र बसून वाच, नसले तरी बसूनच वाच.

मागच्या वेळी तू तुझ्या भाचीला उचललंस आणि "पोर हाताला लागत नाही रे" म्हणून निघून गेलीस. (तू सहज म्हणालीस, मी मनाला लावून घेतलं.) पोरगी पावणेदोन वर्षांची. मी वीस वर्षं काट्यावर ट्रक मोजतो, म्हटलं हिला मोजणं काय अवघड! पण ती घरच्या काट्यावर क्षणभर उभी राहील तर शपथ. मग कामावरची पद्धत लावली: भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की माल उरतो. तिला कडेवर घेऊन मीच काट्यावर चढायचो. रिकामी गाडी म्हणजे मी. माझं वजन पहिल्या रविवारी एकदाच केलं, एकाहत्तर, आणि भिंतीवर लिहून टाकलं. (ट्रकचंही एकदाच करतो.)

आणि ताई, पोरगी घटायला लागली! साडेदहाची नऊ झाली, सहाव्या रविवारी साडेसात. मी वाटी घेऊन तिच्यामागे घरभर धावायचो. ती एक घास खायची, दुसरा खुर्चीला भरवायची. माझ्या घशाखाली काही उतरेना. तुझी भावजय म्हणायची, "तिला तिची भूक कळते, तुम्हाला कळत नाही." गंमत म्हणजे कडेवर ती रोज जडच लागायची. पण मी हाताचं ऐकलं नाही, काट्याचं ऐकलं.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तिला मोजलं: पावणेअकरा. कार्डावरची रेघ दाखवून म्हणाल्या, या वयात वाढ मंदावते, भूक कमीजास्त होते. मुलगी बारीक आहे, पण आपल्या रेघेवर नीट चढते आहे, उंचीही वाढली. एकेका रविवारचं वजन बघू नका, काही महिन्यांचं बघा. मी माझी पद्धत सांगितली तशा त्या हसल्या आणि मलाच काट्यावर चढवलं. पावणेअडुसष्ट! गाडी काळजीनं वाळते, असं आमच्या कामात आजवर घडलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर बसून मी चक्क रडलो. तिनं आपलं अर्धं चोखलेलं केळं माझ्या तोंडात कोंबलं. मी ते खाल्लं.

तुझा,
धाकटा

ता. क. : तिच्यासाठी काही करून आणू नकोस. ती तिच्या भुकेनं खाते.

ता. क. दुसरा : चार दिवस राहायला मात्र ये. लहानपणी माझं ताट संपेपर्यंत तू समोर बसून राहायचीस, तशी बस. पोरीचं उत्तम चाललंय गं, मलाच अजून जेवण जात नाही.