उंबरठ्यावरची उत्तरं

प्रिय दादा,

हाताने लिहिलेलं पत्र बघून हसू नकोस. मेसेज केला असता तर तू “बघतो” एवढंच कळवलं असतंस, आणि फोनवर मी रडले असते. दोन्ही मला नको होतं.

सोमवारच्या तुझ्या सादरीकरणाला मी मागच्या रांगेत बसले होते. तू नेहमीसारखाच छान बोललास. आपलं ‘उंबरठा’ ॲप कसं सुचलं ते सांगताना मात्र खरी गोष्ट शिताफीने गाळलीस. आईच्या घराचे तीन मजले चढेपर्यंत तू अकरा वेळा फोन खिशातून काढला होतास. मी मोजलं, आपण हसलो, आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी पहिला पडदा कागदावर आखला. फोनमधलं काहीही उघडायला गेलं की आधी कोरा पडदा, दहा सेकंदांची सक्तीची शांतता आणि एकच प्रश्न: आत्ता का उघडताय? उत्तर लिहायचं, मग हवं तर आत जायचं, नाहीतर फोन खाली ठेवायचा. बहुतेक जण खाली ठेवतात. उत्तर लिहिताना आपलीच आपल्याला लाज वाटते.

पहिली चाचणी आईवर करायची हे तूच ठरवलंस. तिने एकच विचारलं होतं, की हे वाचणार कोण. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. गावभरचे फोन जोडून दिले, पण कानावर पडलेलं एक अक्षर कधी घरी आणलं नाही. शेजारच्यांचं लग्न मोडल्याचं तिला सगळ्यांत आधी कळलं आणि आपल्याला सगळ्यांत शेवटी. मी म्हटलं, कोणी नाही वाचणार. तू तर तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंस.

खरं असं होतं की चाचणीच्या काळात उत्तरांची एक प्रत आपल्याकडे यायची, चुका सापडाव्यात म्हणून. ती वाट मी पंधरा दिवसांत बंद करणार होते. चार महिने केली नाही. त्याचं कारण तुला मी विसरले असं सांगितलं होतं, ते खोटं. रोज सकाळी कामाला बसले की मी आधी आईची उत्तरं वाचायचे. “चष्मेवाल्याचा नंबर शोधायला. कळावे.” “हवामान बघायला. कळावे.” “उगाच. कळावे.” तिला फोन करण्यापेक्षा ते सोपं होतं. माझीही चूक आहे, ती मी तुझ्या माथी मारत नाही. पण मी वाचलं ते माझ्यापाशी ठेवलं. तू काय केलंस?

तू सोमवारी तिचं उत्तर पडद्यावर लावलंस. एवढ्या मोठ्या अक्षरांत, एवढ्या लोकांसमोर. “मुलांपैकी कुणाचा फोन येऊन गेला का ते बघायला. कळावे.” खाली तुझी टीप: एकटी ज्येष्ठ महिला, संध्याकाळी सहा ते आठ, या वेळेत सूचना पाठवली तर उघडण्याची शक्यता तिप्पट. म्हणजे लोकांना आवरायला मी दार बांधलं आणि तू त्याच दारात उभा राहून त्यांना आत ओढायची वेळ हेरलीस. कुंपणानेच शेत खाल्लं, दादा. त्या “कळावे”वर सभागृह हसलं. पत्राच्या शेवटी लिहावं तसं प्रत्येक उत्तरामागे ते लिहिणारी बाई जगात एकच आहे, हे तुला माहीत होतं. तरी तू हसलास. मी बघत होते तुझ्याकडे.

बाहेर आल्यावर तू म्हणालास की नाव कुठे लिहिलंय, मग गुपित कसलं. इतका संताप मला आजवर तुझा कधी आला नव्हता. लहानपणी माझी सगळी भांडणं तू अंगावर घ्यायचास. तुझ्यामागे उभं राहिलं की मला कुणाची भीती वाटायची नाही. आता मला तुझ्यासमोर बोलताना शब्द तोलावे लागतील.

राजीनामा मी मंगळवारीच दिला, तो तुला मिळाला असेल. हे पत्र त्यासाठी नाही. आज दुपारी मी आईकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं, माझ्या चार महिन्यांसकट. मला वाटलं, चिडेल, नाहीतर रडेल. ती कपड्यांच्या घड्या करत होती, तशीच करत राहिली. पडद्याचं, हसण्याचं काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाली, की तुम्हा दोघांनाही रोज कळत होतं ना मी वाट बघतेय ते, मग फोन का नाही केलात? मी तिच्या शेजारी बसून घड्या करायला लागले. तुझ्याकडे उत्तर असेल तर ते मला पाठवू नकोस. तिच्याकडे जा, आणि तिच्यासमोर बसून सांग.

अजून तरी तुझीच,
धाकटी